चट्टा दिसतो, बधिरपणा विचारावा लागतो

गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी मराठी विभागात येऊन बसला. पदवीनंतर तो संगणकाच्या वाटेने गेला आणि आता चार मित्रांसह एक ॲप तयार करतो आहे. अंगावर चट्टा, डाग, गाठ, पुरळ असे काही उठले की मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढायचे, वीस-पंचवीस प्रश्नांची उत्तरे द्यायची. मग ॲपने सांगायचे, की हे घरी सांभाळण्यासारखे आहे, की आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवायला हवे, की आजच निघायला हवे. निदानाचा दावा नाही. उशीर होऊ नये एवढाच हेतू. तो चांगला आहे याबद्दल आमचे दुमत नाही. प्रश्नांचे मराठी यंत्राकडून करून झाले होते. कागद आमच्यापुढे ठेवत तो म्हणाला, "सर, मॅडम, फक्त शुद्धलेखन तपासून द्या. शुक्रवारपर्यंत."

त्या कागदावरचा अकरावा प्रश्न असा होता : 'आपल्याला प्रभावित क्षेत्रात संवेदना कमी झाल्याचा अनुभव येत आहे का?' शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष वाक्य. चहा घेऊन आलेल्या मावशींना आम्ही ते वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "पुराचं आहे का सर हे?"

आमचे भांडण त्या 'फक्त' या शब्दाशी आहे. भाषा म्हणजे यंत्र तयार झाल्यावर शेवटी मारायचा रंगाचा हात, ही ॲप बांधणाऱ्यांची समजूत आहे. आणि हे काम आपले नव्हे, ही आमच्या भाषाविभागांची समजूत आहे. आमच्या मते या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत तिसराच कोणी मोजतो.

अकराव्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. तो कशासाठी आहे? कुष्ठरोगासाठी. हा रोग इतिहासजमा झाला असे अनेकांना वाटते, आणि त्याला कारणही आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर त्याचे 'निर्मूलन' गाठले. पण या निर्मूलनाची व्याख्या दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, अशी होती. शून्य अशी नव्हती. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या जिल्ह्यांची नावे त्या संदर्भात वारंवार येतात. रोगावर औषध आहे, ते मोफत आहे. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या आरंभीच केली आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. मात्र उशीर झाला आणि नस एकदा निकामी झाली, की जंतू मेले तरी हाताची वाकलेली बोटे बहुधा आपोआप सरळ होत नाहीत. म्हणजे सारा प्रश्न 'लवकर'चा आहे, आणि 'लवकर' हाच तर या ॲपचा दावा आहे.

आता पाहा. कुष्ठरोग ओळखण्याची तीन प्रमुख लक्षणे वैद्यक मानते : फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श न कळणे, परिघीय नस जाड होणे व तिच्या हद्दीत बधिरपणा किंवा दुबळेपणा येणे, आणि त्वचेच्या नमुन्यात जंतू दिसणे. पहिले लक्षण विचारून आणि शिवून कळते, दुसरे बोटांनी चाचपून, तिसरे सूक्ष्मदर्शकातून. या तिघांपैकी एकही मोबाइलच्या छायाचित्रात मावत नाही. छायाचित्रात दिसतो तो एक फिकट चट्टा, आणि फिकट चट्टा शिब्याचाही असतो, लहान मुलांच्या गालावर उठणारा साधाही असतो. कॅमेरा कितीही चांगला असो, या ठिकाणी निर्णायक उपकरण आहे ते प्रश्न. आणि प्रश्न भाषेत असतो.

हा रोग विचारल्याशिवाय सापडत नाही, याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. तो दुखत नाही. बहुधा खाजतही नाही. ज्याची तक्रारच नाही ते माणूस सांगणार कसे? आपल्या भाषेकडे पाहिले तर ही अडचण अधिक स्पष्ट होते. दुखण्याला मराठीत केवढी क्रियापदे आहेत! ठणकते, ठुसठुसते, चुरचुरते, चरचरते, भगभगते, शिवशिवते, सलते, टोचते, आग होते, मुंग्या येतात. प्रत्येकाची छटा वेगळी, आणि खेड्यातली बाई ती अचूक वापरते. पण न दुखण्याला? 'बधीर' हा शब्द दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेल्याला कळतो. इतरांना 'बधिर' म्हणजे ऐकू न येणारा. 'सुन्न' होते ते मन किंवा डोके. 'संवेदना' आम्ही साठोत्तरी कवितेवरच्या टिपणांत वापरतो, तिचा कातडीशी संबंध आमच्याही लक्षात राहिलेला नाही. मावशींना आम्ही त्या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या जाग्यात जीव नाही असं विचारायचंय होय?" आमच्या विभागातल्या कुणाला हे वाक्य सुचले नव्हते.

रोगांच्या नावांचे प्रकरण तर याहून अवघड. संस्कृत 'कुष्ठ' या शब्दापासून प्राकृतातून उतरलेला शब्द हिंदीत 'कोढ़' झाला आणि मराठीत 'कोड'. शब्द एकच, पण हिंदीत त्याचा अर्थ कुष्ठरोग, तर आज मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, ज्यांचा जंतूशी आणि संसर्गाशी काही संबंध नाही. (संगणकवाल्यांच्या कानाला 'कोड' म्हणजे आणखी तिसरेच काही, ते असो.) हिंदीवरून मराठी करणाऱ्या यंत्राने हा एक शब्द जसाच्या तसा उचलला तर काय होईल, हे सांगायला नको. त्यात 'श्वेतकुष्ठ' हा शब्द पोथीतून आलेला. त्याने पांढऱ्या डागांवर कुष्ठाचा शिक्का मारून ठेवला आणि कितीएक मुलींची लग्ने त्या समासाने मोडली. 'रक्तपिती'ची गोष्टही तशीच. आयुर्वेदात रक्तपित्त म्हणजे रक्तस्रावाचा विकार. बोलीत रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग, आणि 'रक्तपित्या' ही तर शिवी. नायटा कुठला आणि गजकर्ण कुठले, यावर दोन तालुक्यांचे एकमत नसते. नागीण कमरेला वेढा घालते आणि तिचे तोंड शेपटीला लागले की माणूस दगावतो, असे सांगणारी माणसे अजून आहेत. त्या भीतीपोटी ती आधी उतरवणाऱ्याकडे जातात, डॉक्टरांकडे नंतर. गोवर-कांजिण्यांना 'देवी आली' म्हणणाऱ्या घरात 'आपल्याला पुरळ आहे का?' या प्रश्नाचे उत्तर सरळ येईलच असे नाही. देवीला पुरळ म्हणत नाहीत.

याच्या जोडीला क्रियापदांचा घोटाळा आहे. कागदावरचा सतरावा प्रश्न : 'आपण सध्या कोणती औषधे घेत आहात?' आमच्याकडे औषध 'घेतात' ते तोंडाने. कातडीला औषध 'लावतात'. त्यामुळे सहा महिने नायट्यावर दुकानातली ट्यूब चोळणारा माणूस या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'काही नाही' असे उत्तर देईल. आणि ती ट्यूब हीच तर खरी बातमी आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ही मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली गेली. त्यांनी खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते की अनुभवी डॉक्टरही चकतात. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीच्या औषधांच्या अनुसूचीत घातली. तरी ट्यूब पुढे करणारा हात थांबलेला नाही. मग प्रश्न कसा हवा? 'त्या जागेला काय काय लावलं? ट्यूब, मलम, पाला, चुना, टूथपेस्ट?' हे वाक्य काही भाषेचे सौंदर्य वाढवत नाही. ते खरे उत्तर मात्र आणते.

रंगाचेही पाहू. यंत्राला त्वचा शिकवायची तर छायाचित्रे लागतात. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या गाजलेल्या प्रयोगात सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रे वापरली होती आणि यंत्र काही कसोट्यांवर त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने उतरले. त्यानंतर २०२२ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये दुसरा अभ्यास आला. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांची ६५६ छायाचित्रे निवडून त्यांवर अशा यंत्रांची परीक्षा घेतली, तेव्हा काळ्यासावळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली. यात यंत्राचा द्वेष नाही, त्याच्या शाळेचा दोष आहे. वर्ण मोजायला जी फिट्झपॅट्रिक यांची पट्टी सर्वत्र वापरतात तीच मुळी १९७५ साली गोऱ्या त्वचेला ऊन किती सोसते हे ठरवण्यासाठी झाली. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे दोन प्रकार तिला पुढे जोडले गेले. पाठ्यपुस्तकात दाह झालेली त्वचा 'लाल' होते. सावळ्या अंगावर ती जांभळट दिसते, काळपट दिसते, कधी नुसती आजूबाजूपेक्षा गडद. 'चट्टा लाल आहे का?' या प्रश्नाला शेतात राबणाऱ्या बाईचे उत्तर 'नाही' असे येईल, आणि ते खरे असूनही ॲपला चुकीच्या वाटेने नेईल. गायक बॉब मार्ली याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग दिसला. तो त्वचेचा कर्करोग निघाला आणि १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी तो गेला. काळ्यासावळ्या माणसांत हा कर्करोग दुर्मीळ खरा, पण होतो तेव्हा अनेकदा तळपायावर नि नखाखाली होतो, जिथे कोणी पाहत नाही. अनवाणी चालणाऱ्यांच्या देशातल्या ॲपने तळपाय दाखवायला सांगू नये, याला काय म्हणावे? आमच्याकडच्या कागदात तळपाय नव्हता. चिखल्याही नव्हत्या.

आता शेवटचा पडदा : उत्तराची भाषा. ॲपने काय सांगायचे? कागदावर वाक्य होते, 'आपण कुष्ठरोगाचे संशयित रुग्ण असू शकता.' 'संशयित' हा शब्द सरकारी कागदपत्रांतून आला आणि २०२०च्या साथीने तो घरोघर पोहोचवला. पण तोच शब्द चोरीच्या बातमीत येतो. संशयिताला पोलीस ताब्यात घेतात. हे वाक्य कुणाच्या मोबाइलवर उमटणार आहे, याचा विचार करा. अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते काढले. कायद्यातून गेलेली गोष्ट माजघरातून जायला किती वर्षे लागतात, हे मराठी कादंबरी शिकवणाऱ्यांना तरी सांगावे लागू नये. छायाचित्र कुठे साठते, कोण पाहते, हाही प्रश्न आहेच. पण छायाचित्र हवाली होण्याआधी हे एक वाक्यच एखाद्या बाईला घराबाहेर काढू शकते.

येथे दोन आक्षेप येतील. दोन्ही आम्ही आमच्याच स्टाफरूममध्ये ऐकले.

पहिला असा, की मग ॲप नकोच. डॉक्टर असतील तिथे माणसाने जावे. हे म्हणणारे शहरात राहतात. त्वचारोगतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी असतो, तिथे जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते आणि वाटेत औषधाचे दुकान लागते. या माणसाला घरबसल्या कोणी 'हे साधे नाही, दाखवून ये' असे कळेल अशा शब्दांत सांगितले, तर त्याचा हात वाचेल. आमचा ॲपला विरोध नाही. आशाताई दारोदार जाऊन हेच काम करतात. २०१६ पासून कुष्ठरुग्ण शोधमोहिमा झाल्या त्या घरोघरी जाऊन, अंग पाहून, विचारून. आशाताईला प्रश्न विचारता येतो, उत्तर नाही समजले तर दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारता येतो, बाईचा चेहरा पाहून सासूला बाहेर पाठवता येते. ॲपला यातले काही येत नाही. म्हणूनच त्याचे पहिलेच वाक्य बरोबर असले पाहिजे.

दुसरा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंचा : 'हे साहित्याच्या प्राध्यापकांचे काम नव्हे.' या आक्षेपाचा आम्हांला अधिक राग आहे. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे ठराव आपण दर संमेलनात करतो. ज्ञान प्रत्यक्षात मराठी मागायला दारात आले, की आपण एक तर दार लावतो किंवा त्याच्या हातात 'विवर्णता', 'त्वक्क्षत', 'स्पर्शज्ञानलोप' असे घडीव शब्द ठेवतो आणि कृतकृत्य होतो. यंत्राचे 'प्रभावित क्षेत्र' आणि आपले 'स्पर्शज्ञानलोप' यांत फरक तो काय? दोन्ही वाक्ये ज्याला उद्देशून आहेत त्याला न विचारता लिहिलेली. मराठी साहित्याचा आणि या रोगाचा संबंध नाही असेही कोणी म्हणू नये. दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला बाबा आमटे, ही माणसे याच भाषेत काम करत होती. 'ज्वाला आणि फुले'चा कवी हा कुष्ठरोग्यांची जखम धुणारा माणूस होता. त्याने स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात 'महारोगी' हा शब्द आहे आणि तरी तो तिथे शिवी वाटत नाही. शब्दाला हे बळ कोशातून मिळालेले नाही. त्या माणसांजवळ बसण्यातून मिळाले आहे. आपण ती कविता परीक्षेला लावतो, तिच्यातली करुणा दहा गुणांसाठी विचारतो. या कवीच्या रुग्णाला प्रश्न कसा विचारावा, हे मात्र आपल्या कक्षेबाहेरचे!

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच. भाषेचे काम शेवटच्या शुक्रवारी करायचे काम नाही. कोणते प्रश्न विचारायचे हे ठरते त्या दिवशी भाषेचा माणूस खोलीत हवा. आणि भाषेच्या माणसाने कोश घेऊन न येता कान घेऊन यावे. प्रत्येक जिल्ह्यात एखादे महाविद्यालय आहे, त्यात मराठी विभाग आहे, आणि त्या विभागात बोलीवर प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी आहेत. त्यांनी यंदा आपापल्या गावातल्या कातडीच्या दुखण्यांचे शब्द गोळा करावेत : नावे, क्रियापदे, शिव्या, समजुती, लावायचे पाले. आशाताईंबरोबर, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांबरोबर बसून ते तपासावेत. दरवर्षी तीच ती प्रस्तावना उतरवून बांधून घेतलेल्या प्रकल्पांपेक्षा हे काम निश्चितच अधिक वाङ्मयीन ठरेल.

आमचा शुक्रवार चुकला. कागद आमच्याकडे सात आठवडे राहिला. त्या काळात मावशी, त्यांच्या वस्तीतल्या दोन आशाताई आणि जवळच्या आरोग्य केंद्रातल्या एक डॉक्टर मॅडम आमच्याबरोबर बसल्या. पंचवीस प्रश्नांचे एकतीस झाले. 'संशयित' गेले, त्या जागी आले, 'हा चट्टा डॉक्टरांनी शिवून बघायला हवा. असे चट्टे औषधाने बरे होतात. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे.' रोगाचे नाव पडद्यावर येत नाही, ते डॉक्टरांनी समोर बसवून सांगावे. डॉक्टर मॅडमनी आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली : कुष्ठरोगाच्या सगळ्याच चट्ट्यांत स्पर्श जात नाही. तेव्हा उत्तर 'कळतं' असे आले तरी ॲपने 'काही नाही' म्हणून मोकळे होऊ नये. कानाच्या पाळ्या जाड झाल्यात का, हातातून वस्तू निसटतात का, हेही विचारावे.

अकरावा प्रश्न तर आता प्रश्नही राहिलेला नाही. तो असा आहे : 'डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी कापसाच्या टोकाने आधी चांगल्या जागी आणि मग चट्ट्यावर हलकेच शिवायला सांगा. कुठे शिवलं ते बोटाने दाखवा. बोट चुकलं का? शिवलेलं कळलंच नाही का?' यात मावशींचे 'जीव नाही' हे शब्द नाहीत, कारण ते बसवायचे कुठे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. माजी विद्यार्थी म्हणाला, पडद्याच्या मानाने वाक्य लांब होते आहे. आम्ही त्याला सांगितले, पडदा मोठा कर.